चंद्र उगवायच्या आधी उतरलेली साखर

साखर वाढली की काय होतं ते आपल्यात सगळ्यांना पाठ असतं. पाय सांभाळा, डोळे सांभाळा, भात सोडा. ती उतरली की काय होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं, हे जास्त खरं असावं. बायको तेच म्हणते.

म्हणून हे लिहितो आहे. खास करून त्या मंडळींसाठी, जी सकाळी साखरेची गोळी घेतात आणि संकष्टीही धरतात. वाचून झाल्यावर मला हसलात तरी चालेल. फक्त पुढच्या संकष्टीआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा. कुठला, ते पुढे येईल.

फक्त पंधरा

मी कुडाळचा. बहारीनमध्ये एकवीस वर्षं झाली. घर रिफाला, नोकरी अमवाजला. तिथल्या उंच इमारतींचे एसी चालू ठेवणं हे माझं काम. वर्षातले आठ महिने तो बंद पडला तर लोक मला देवासारखे हाका मारतात आणि चालू झाला की देवासारखेच विसरतात.

मागच्या उन्हाळ्यात मला फार तहान लागायची. मी म्हटलं, बहारीनचा ऑगस्ट आहे, उंटालासुद्धा लागत असेल. सारखं लघवीला जावं लागायचं. मी म्हटलं, इतकं पाणी पितोय, जाणार कुठे ते! सहा किलो वजन उतरलं. तेव्हा तर मी आरशासमोर जरा तिरका उभा राहून स्वतःचं कौतुक केलं. दिवसाला चार करक चहा चालूच होते. करक म्हणजे डब्यातल्या दुधाचा, उकळून उकळून दाट केलेला, तळाशी साखर राहील असा चहा.

गणपती झाले. अकरा मोदक खाल्ले. त्याच आठवड्यात कंपनीची वार्षिक तपासणी होती. रिपोर्ट आला तेव्हा साखरेपुढे पंधरा लिहिलं होतं. मी खूश. गावाला आमच्या दादांची दोनशे असते, माझी फक्त पंधरा! मी नीताला, म्हणजे बायकोला, फोन करून सांगितलंसुद्धा.

डॉक्टरीणबाई हैदराबादच्या. माझा आनंद त्यांनी शांतपणे पाहून घेतला. मग म्हणाल्या, "भाईसाब, इधर का नाप अलग है. इसको अठरा से गुना करो."

मी हिशेबात बरा आहे. दोनशे सत्तर. उपाशीपोटी.

त्या खोलीतला एसी वाईट आवाज करत होता. फॅनचं बेअरिंग गेलं होतं. मी त्याच्याकडेच बघत राहिलो, कारण बाईंकडे बघितलं असतं तर रडू आलं असतं. आमचे वडील साखरेनेच गेले. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. मला एकदम माझे बूट दिसायला लागले. सेफ्टी शूज, स्टीलच्या टोकाचे. म्हटलं, यातला एक बूट पुढे कुणाला द्यायचा?

दोन साहेब

घाबरलेला माणूस एकाच ठिकाणी अर्ज करत नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, ती सुरू केली. आणि घरी येऊन गणपतीसमोर नवस बोललो: बाबा रे, पाय राहू दे, वर्षभर संकष्ट्या करीन.

आता अडचण बघा. उपासाला जे जे चालतं, ते बाईंच्या यादीत फुली मारलेलं. साबुदाणा नाही, बटाटा नाही, केळं नाही, रताळं नाही. खजूर तर इथे रस्त्याच्या कडेला झाडावर लटकतो, तोही नाही. जे बाईंना चालतं, म्हणजे भाकरी, डाळ, भाजी, ते उपासाला नाही. दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवल्यावर खाली फक्त पाणी आणि बिनसाखरेचा चहा उरला. मी म्हटलं ठीक आहे, तेवढंच घेऊ. गोळी मात्र चुकवायची नाही. उपास देवासाठी, गोळी डॉक्टरसाठी. दोन साहेब असले की दोघांच्या हजेरीवर सही करायची, हे मी नोकरीत शिकलो होतो.

नीता विचारायची, "अहो, फळं तरी खाताय ना ऑफिसात?"

"खातो की."

हे खोटं होतं. इथे लिहूनच ठेवतो.

पहिल्या संकष्टीला चारच्या सुमारास घाम फुटला, हात हलायला लागले. मला वाटलं, नवस पोचला बहुतेक. दुसऱ्या संकष्टीला छातीत धडधड झाली आणि शिबूवर, माझ्या टेक्निशियनवर, मी उगीचच ओरडलो. रात्री चंद्रोदयाला मोदक नाही तर निदान वरणभात खाल्ला आणि बरं वाटलं. देवाची कृपा.

मधे नोव्हेंबरात बाईंनी साखर अजून जास्तच आहे म्हणून गोळी वाढवली. तेव्हा त्यांनी विचारलं होतं. मला स्वच्छ आठवतंय. रमझान लांब होता, पण त्या प्रत्येक पेशंटला विचारतात.

"रोज़े रखते क्या आप?"

मी हसलो. म्हटलं, "नहीं मॅडम, हम तो हिंदू हैं."

त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली आणि पुढचा पेशंट बोलावला.

हॉर्न

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर वाणसामानाची, करक चहाचीही छोटी दुकानं असतात, त्यांना कोल्ड स्टोअर म्हणतात. लोक दुकानासमोर गाडी उभी करतात, एसी चालू, काच वर, आणि हॉर्न मारतात. दुकानदार बाहेर येतो, काय हवं ते विचारतो, आणून देतो. पाच पावलं चालायची नाहीत. या पद्धतीचा मला मनस्वी तिटकारा. मी कधी हॉर्न मारला नाही. मुक्ताला, आमच्या मुलीला, मी कितीदा ऐकवलं असेल, "असे हॉर्न मारतात म्हणून सगळ्यांना साखर होते."

मुक्ता पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "बाबा, यू हॅव शुगर. अँड यू डोन्ट हॉर्न," असं ती म्हणाली होती एकदा. त्यावर मी विषय बदलला.

तिसरी संकष्टी

डिसेंबर होता. सकाळी सहाला नवी, मोठी गोळी घेतली. दिवसभर दोन इमारतींच्या गच्चीवर होतो, जिने चढलो-उतरलो. दोन बिनसाखरेचे चहा. चार वाजता निघालो, ईसा टाउनला मुक्ताला क्लासवरून घेतलं आणि रिफाकडे वळलो. तो रस्ता मी झोपेतही चालवू शकतो असं मी म्हणायचो.

पहिल्यांदा सिग्नलचे दिवे पसरल्यासारखे दिसले. मग घाम. एसी अठरावर असताना शर्ट पाठीला चिकटला. मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही. मुक्ता काहीतरी शाळेतलं सांगत होती आणि तिचा आवाज हौदातून आल्यासारखा येत होता.

"बाबा, धिस इज नॉट अवर रोड."

"गप्प बस."

मी तिला कधी गप्प बस म्हणत नाही. मी समोर बघितलं आणि मला खरंच तो रस्ता ओळखू येईना. घरं, भिंती, खजुराचं झाड, परत घरं. आपण कुठे चाललोय? घरी. घर कुठे आहे? मी उजवीकडे वळलो, कारण वळण आलं म्हणून. पुढचं चाक फुटपाथच्या कडेवर चढलं आणि धाडकन उतरलं.

"बाबा! स्टॉप! प्लीज स्टॉप!"

मी शेजारी बघितलं. एक मुलगी बसली होती. शाळेचा गणवेश, मांडीवर दप्तर, डोळे मोठे झालेले. ही आपली आहे एवढं कळत होतं. नाव येईना. मी नाव शोधत होतो, आणि तिथे काहीच नव्हतं. जे नाव ठेवण्यासाठी मी सासरेबुवांशी तीन महिने भांडलो होतो, ते नाव माझ्याकडे नव्हतं. आणि माझा पाय अजून ॲक्सिलरेटरवर होता.

थांबलो कसा ते मला नीट आठवत नाही. मुक्ता सांगते, की ती ओरडली "ब्रेक", आणि मी शाळेतल्या मुलासारखा ब्रेक दाबला. तिने हात लांब करून गिअर पार्किंगला टाकला. मग तिने माझ्या छातीवरून वाकून हॉर्न दाबला, तो दाबूनच धरला.

आम्ही एका कोल्ड स्टोअरसमोर होतो. रिफातल्या कुठल्या गल्लीत, ते मला नंतर शोधावं लागलं.

दुकानदार, साठीचा मल्याळी माणूस, सवयीप्रमाणे बाहेर आला. "कितना चाय?"

"ज्यूस! अंकल, शुगर वाला ज्यूस! माय डॅड इज डायबेटिक!"

त्या माणसाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पळत गेला, पळत आला. आंब्याच्या ज्यूसचा डबा, त्यात स्ट्रॉ घुसवून माझ्या ओठाला लावला. "पियो सार, पियो."

आणि मी काय केलं? मी दात आवळले. ती मुलगी कोण ते मला आठवत नव्हतं, पण एक गोष्ट पक्की आठवत होती.

"उपास आहे माझा," मी म्हणालो. "चंद्रोदय झाला नाही अजून."

"बाबा, ड्रिंक इट!"

"चंद्र..."

ती रडत होती. दुकानदार म्हणत होता, "जल्दी, बेटी, जल्दी, बेहोश होगा." एकदा बेशुद्ध झालो असतो तर ज्यूस घशाखाली घालता आला नसता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं, की हे लोक माझा उपास मोडायला बघताहेत.

मग तिने डोळे पुसले. माझी हनुवटी धरली आणि काचेकडे वळवली. दुकानाच्या पाटीवर एक मोठा गोल पांढरा दिवा होता, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान होऊन गेली होती आणि तो नुकताच लागला होता.

"बाबा," ती म्हणाली, मराठीत, एकेक शब्द सुटा करून, "चंद्र आला. बघा. आता प्या."

मी त्या दिव्याला हात जोडले. मुक्ता सांगते, की नीट जोडले, कपाळाला लावले. आणि प्यायलो. एक डबा, मग दुसरा. दुसऱ्याच्या शेवटाला मला तिचं नाव आठवलं आणि मी ते चार-पाचदा म्हटलं. ती म्हणाली, "येस बाबा, दॅट्स मी."

पुन्हा उतरली

दुकानदाराने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. आत बोटाला टोचलं तेव्हा दोन पॉइंट तीन. दोन ज्यूस पिऊन. मी मनात अठराने गुणायला लागलो आणि जमेना.

मला वाटलं, आता ग्लुकोज लावतील, तासाभरात घरी. नर्स म्हणाली, "ॲडमिट." मी म्हटलं, मी बरा आहे. ती म्हणाली, "सार, गोळी अजून पोटात आहे. ती दिवसभर काम करते."

तिचं बोलणं खरं ठरलं. सलाइन लावलेलं, दर तासाला बोट टोचणं, दहा बोटं संपली की पुन्हा पहिल्यापासून. आकडा वर जायचा, आठ, नऊ, आणि मला हायसं वाटायचं. सकाळी नाश्त्याचा ट्रे समोर ठेवलेला असताना परत तोच घाम. तीन पॉइंट एक. ट्रेमधली इडली मला दोन दोन दिसायला लागली. या वेळी मी पूर्ण शुद्धीवर होतो आणि काय होणार ते मला माहीत होतं, म्हणून भीती जास्त होती. मी नीताचा हात इतका घट्ट धरला, की तिच्या बांगडीचा वळ माझ्या हातावर उठला. मी तिला म्हणत राहिलो, "नाव सांग. सगळ्यांची नावं सांग." ती बिचारी सांगत राहिली: मुक्ता, मी नीता, तुमची आई, दादा, वहिनी, दादांचा कुत्रा. नर्सने सुईतून ग्लुकोज ढकललं आणि दोन मिनिटांत नावांना परत चेहरे आले.

कुत्र्याचं नाव तिने चुकीचं सांगितलं होतं. मी ते दुरुस्त केलं, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

डायरेक्ट

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्या स्टूल ओढून बसल्या.

"मैंने पूछा था ना, रोज़े रखते क्या?"

"मॅडम, वो रमझान का..."

"भूखे तो दोनों में रहते ना भाईसाब?"

डॉक्टरांना विचारा म्हटलं होतं, तो प्रश्न हाच: मी उपास धरतो, मग या गोळीचं काय करू? एवढं एक वाक्य.

मग त्यांनी समजावलं. धडधाकट शरीरात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, ती खाली आली की सोडणं थांबवतं. फारच खाली जायला लागली तर उलटा निरोप जातो आणि लिव्हर आपल्या साठ्यातली साखर बाहेर काढतं. माणूस जेवो, झोपो, धावो, आकडा फार हलत नाही. माझी गोळी मात्र स्वादुपिंडाला ढकलते: सोड इन्सुलिन, सोड. पोटात अन्न आहे की नाही, ते ती विचारत नाही. लिव्हर बिचारं किती पुरं पडणार?

मला ते लगेच कळलं. आमच्या धंद्यात थर्मोस्टॅट बिघडला आणि नवा मिळत नसला, की आळशी टेक्निशियन तो काढून दोन वायरी जोडून देतो. त्याला डायरेक्ट करणं म्हणतात. एसी चालतो, पण आता त्याला थांब म्हणणारं कुणी नाही. खोली थंड झाली तरी चालतो. कॉइलवर बर्फ धरतो, बर्फ वाढत जातो आणि शेवटी सगळंच बंद. शिबूने एकदा असं केलं म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. आणि इथे तीन महिने मी स्वतःला डायरेक्ट करून गाडी चालवत होतो. शेजारच्या सीटवर मुलीला बसवून.

घरी

दोन दिवसांनी सोडलं. गोळी बदलली. ही नवी साखर एकटी अशी खाली ओढत नाही म्हणे, पण माझा आता कुणावर विश्वास नव्हता. गाडीत ज्यूस, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, उशीखाली मीटर.

घरी आल्याच्या पाचव्या दिवशी नीता चपात्या लाटता लाटता म्हणाली, "फळं खातो म्हणालात मला."

"हो."

"मुक्ता तुमच्या गाडीत बसणार नाही."

मी हो म्हटलं. भांडलो नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. अमवाजला मी शिबूच्या गाडीतून जायला लागलो. क्लासवरून मुक्ताला शेजारच्या बाई आणायच्या. पोरगी माझ्याकडे बघायची ते मला आवडायचं नाही. पूर्वी बघायची तसं नव्हतं. माझे हात बघायची, हलताहेत का.

आईला सगळं सांगितलं नव्हतं, पण नीताने सांगितलं. आईचा फोन आला.

"काय रे, देवान तुका सांगल्यान काय उपाशी रव म्हणान?"

"आये, नवस बोललंय मी."

"तेच्या हातात बघ काय आसा ता! मोदक आसा मोदक. तो खाता आणि तू उपाशी मरतंस? जेव मुकाट्यान. नवसाचा मी बघतंय."

कुडाळात बसून ती आता माझ्या वाटणीच्या संकष्ट्या करते. तिला साखर नाही. मी दोनदा खात्री करून घेतली.

चंद्र

चार आठवडे गेले. रोजचे आकडे वहीत लिहिले. डॉक्टरीणबाईंनी वही पाहिली आणि गाडी चालवायला हरकत नाही म्हणाल्या. आधी टोचायचं, पाचच्या खाली असेल तर खायचं, मग चावी लावायची. नीताने तीच वही पुन्हा पाहिली, बाईंपेक्षा जास्त वेळ. मग म्हणाली, "उद्या तुम्हीच आणा तिला."

उद्या संकष्टी होती. तिला माहीत होतं. मला वाटतं, म्हणूनच तिने तो दिवस निवडला.

दुपारी एक वाजता गच्चीवर, चिलरच्या, म्हणजे इमारतीच्या एसीच्या मोठ्या यंत्राच्या सावलीत बसून मी डबा काढला. खरं सांगतो, हात पुढे होईना. एकवीस वर्षांत इतकी भीती मला कुठल्या साहेबाची वाटली नव्हती. एकीकडे गणपती, एकीकडे मुक्ताचे ते डोळे. डब्याच्या झाकणावर काळ्या मार्करने एक वाटोळं काढलेलं होतं. त्याच्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत, शाळेत हिंदीपुरतंच देवनागरी लिहिणाऱ्या हाताने, लिहिलं होतं:

चंद्र आला. जेवा.

मी जेवलो. भाकरी, डाळ, गवारीची भाजी. सगळं.

पाच वाजता ईसा टाउनला क्लासच्या दारात गाडी उभी केली. मुक्ता बाहेर आली, पण दार उघडलं नाही. खिडकीपाशी उभी राहिली. मी काच खाली केली. बोट टोचलं, मीटर तिच्याकडे धरलं. तिने वाकून वाचलं. सात पॉइंट एक.

"डबा?"

मी रिकामा डबा दाखवला. झाकण पुसलं नव्हतं.

ती आत बसली, पट्टा लावला, दप्तर मांडीवर घेतलं. मी चावीला हात घातला आणि थांबलो. माझे हात थरथरत होते. चांगले दिसतील इतके. तिनेही पाहिलं. मी पुन्हा बोट टोचलं. सात पॉइंट शून्य.

म्हणजे ही साखर नव्हती.

"मुक्ता," मी म्हटलं.

"येस बाबा, दॅट्स मी. यल्ला, चला."

मी गाडी सुरू केली आणि रिफाचा रस्ता धरला. पूर्ण वाटभर चाळीसच्या वर गेलो नाही. मागून लोक हॉर्न मारत होते.